हनुवटीवरचे केस, गालावरचे खड्डे आणि एक गोंदण : लेसर उपचार प्रत्यक्षात कसे केले जातात

तासगावजवळच्या एका गावातून एका आईने मला सविस्तर प्रश्न पाठवला आहे. त्यांची मुलगी २३ वर्षांची असून येत्या वैशाखात तिचे लग्न ठरले आहे, म्हणजे हातात साधारण पाच महिने आहेत. मुलीच्या हनुवटीवर आणि वरच्या ओठावर जाड केस येतात, गालांवर जुन्या मुरमांचे खड्डे राहिले आहेत, आणि लहानपणी जत्रेत गोंदवून घेतलेला एक हिरवा ठिपका हनुवटीवर आहे. एका ठिकाणी त्यांना ‘सहा सिटिंगचे पॅकेज घ्या, सगळे एकाच मशीनवर होऊन जाईल’ असे सांगण्यात आले. लेसरने नेमके काय करतात, कातडी भाजते का, केस नंतर दुप्पट येतात का, पुढे कॅन्सर किंवा मूल होण्यात अडचण होते का, आणि त्यांच्या स्वतःच्या गालांवरचे वांगही त्याच लेसरने जाईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत. सांगलीत त्वचारोगतज्ज्ञ म्हणून एकवीस वर्षे काम करताना हे प्रश्न मी जवळजवळ रोज ऐकतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

ताई, सर्वांत आधी पॅकेजविषयी. तुमच्या मुलीच्या चेहऱ्यावर तीन वेगवेगळी कामे आहेत आणि तिन्हींसाठी लागणारा लेसर वेगळा आहे. केसांसाठी जो लेसर वापरतात तो गोंदणावर मारला तर तिथली कातडी भाजते. गोंदण काढणाऱ्या लेसरने जाड केसाचे मूळ कायमचे मरत नाही. आणि खड्ड्यांसाठीच्या लेसरचा या दोन्हींशी काहीही संबंध नाही. म्हणून ‘सगळे एकाच मशीनवर’ असे म्हणणाऱ्या माणसाने एकतर मुलीची हनुवटी नीट पाहिलेली नाही, किंवा त्याला मशीनची पुरेशी माहिती नाही. असे का, हे समजले की बाकीच्या बहुतेक शंका आपोआप सुटतात.

लेसर म्हणजे एकाच रंगाचा, एकाच दिशेने जाणारा तीव्र प्रकाश. आपला साधा दिवा अनेक रंगांचा प्रकाश चहूकडे पसरवतो, लेसर तसे करत नाही. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी माणकाच्या कांडीतून निर्माण केला. खड्ड्यांसाठी आम्ही ज्यावर आजही अवलंबून असतो तो कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ साली चंद्रकुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केला. ते १९३८ साली बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, ही गोष्ट मी रुग्णांना मुद्दाम सांगतो. त्वचेवर लेसर सुरक्षितपणे कसा वापरावा याची खरी चावी मात्र १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोघांनी दिली. त्यांनी मांडलेले तत्त्व असे, की प्रकाशाचा रंग आणि त्याचा कालावधी अचूक निवडला तर त्वचेतील आपल्याला हवी तेवढीच वस्तू तापवता येते आणि तिच्या शेजारची त्वचा वाचवता येते.

यातला रंगाचा भाग समजायला सोपा आहे. केसातील काळे रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन काही ठरावीक रंगांचा प्रकाश शोषून घेते आणि तापते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या काळ्या सीटसारखे. पाणी वेगळ्याच प्रकाशाला तापते आणि रक्तातील लाल द्रव्य आणखी वेगळ्याला. प्रकाशाचा रंग नॅनोमीटरमध्ये मोजतात, आणि मशीनवर ७५५, ८०८, १०६४ किंवा १०६०० असे जे आकडे लिहिलेले असतात ते याचेच असतात. कालावधीचा भाग मात्र बारकाईने समजून घ्यावा लागतो. उकळत्या पाण्यातून वाटाणा आणि बटाटा एकदम बाहेर काढले तर वाटाणा लगेच निवतो आणि बटाटा बराच वेळ गरम राहतो. त्वचेतही तसेच होते. केसाचे मूळ हे त्यामानाने मोठे असल्याने ते निवायला काही दहा मिलिसेकंद (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) घेते, कातडीचा वरचा पापुद्रा साधारण तीन ते दहा मिलिसेकंदांत निवतो, आणि गोंदणाच्या शाईचा कण इतका बारीक असतो की तो सेकंदाच्या काही कोट्यंशांत थंड होतो. जी वस्तू तापवायची, तिला निवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आतच प्रकाश देऊन थांबायचे, हे या शास्त्राचे मर्म आहे. म्हणून केसांच्या लेसरचा एक शॉट मिलिसेकंदांचा असतो आणि गोंदणाच्या लेसरचा नॅनोसेकंदांचा, म्हणजे त्याहून लाखो पटींनी छोटा.

आता अडचण अशी, की केसाच्या मुळाकडे जाणाऱ्या प्रकाशाला आधी आपल्या कातडीतून जावे लागते, आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीतही तेच मेलॅनिन भरपूर असते. गोऱ्या युरोपीय त्वचेवर ही अडचण फारशी नसते, म्हणून तिकडच्या पुस्तकातील सेटिंग इथे जसेच्या तसे वापरता येत नाही. त्वचा उन्हात किती भाजते आणि किती काळवंडते यावरून तिचे सहा प्रकार करण्याची फिट्झपॅट्रिक यांची पद्धत आहे. आपल्याकडचे बहुतेक लोक त्यातील चौथ्या आणि पाचव्या प्रकारात येतात. या प्रकारांमध्ये लक्ष्य आणि वाटेतला अडथळा या दोघांचा रंग एकच असतो. त्या दोघांमध्ये फरक करायचा, एकाला तापवायचे आणि दुसऱ्याला गार ठेवायचे, यातच सगळे कौशल्य आहे. बटण दाबणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे.

हे मी एका चुकीतून शिकलो आणि ती इथे सांगणे मला आवश्यक वाटते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तरुणीच्या जबड्यावरच्या केसांसाठी दोन सिटिंग उत्तम झाली होती. तिसऱ्या वेळी मी वहीत मागचे सेटिंग पाहिले, तेच लावले आणि शॉट दिले. मधल्या काळात तिने दोन आठवडे घरच्या बागेत द्राक्षांच्या तोडणीत भर उन्हात काम केले होते, आणि ते मी विचारलेच नव्हते. तिची कातडी मागच्या वेळेपेक्षा काळी झाली होती, तिच्यात मेलॅनिन वाढले होते, आणि तेवढीच ऊर्जा आता तिला जास्त झाली. दुसऱ्या दिवशी तिच्या जबड्यावर हँडपीसच्या, म्हणजे यंत्राच्या हातात धरायच्या भागाच्या, टोकाच्या आकाराचे चौकोनी भाजल्याचे डाग उठले, ते पुढे काळे पडले आणि पूर्ण जायला पाच महिने लागले. तिने मला दोष दिला नाही, पण दोष माझाच होता. तेव्हापासून ‘गेले पंधरा दिवस कुठे होता, उन्हात किती होता’ हा प्रश्न विचारल्याशिवाय आणि कातडी खिडकीपाशी नेऊन पाहिल्याशिवाय मी कोणत्याही रुग्णावर मशीन सुरू करत नाही.

त्यामुळे पहिल्या भेटीत लेसर होतच नाही, आणि होऊही नये. त्या दिवशी पाळी नियमित येते का, वजन अलीकडे वाढले आहे का, केस किती वर्षांपासून आणि किती वेगाने वाढले, हे विचारले जाते. कारण हनुवटीवरच्या जाड केसांमागे पुष्कळदा पीसीओडी, म्हणजे बीजांडकोशांशी आणि हार्मोनशी निगडित तक्रार, असते आणि ती असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांचे उपचार सोबत चालावे लागतात. केस अगदी थोड्या महिन्यांत वेगाने वाढले असतील, आवाज जड होत असेल किंवा पाळी बंद झाली असेल, तर लेसर बाजूला ठेवून आधी हार्मोनच्या तपासण्या करतात. मुरमांच्या गोळ्यांपैकी आयसोट्रेटिनॉइन चालू आहे का किंवा नुकतीच थांबवली आहे का, ऊन सोसू न देणारे डॉक्सिसायक्लिनसारखे औषध चालू आहे का, ओठावर वारंवार तापाच्या पुळ्या उठतात का, कान टोचल्यावर किंवा जखम भरल्यावर गाठीसारखा उंच व्रण उठला होता का, घरात कोणाला कोड आहे का, फिट येतात का, हे सगळे विचारले जाते. आयसोट्रेटिनॉइननंतर पूर्वी सहा महिने कोणताच लेसर करत नसत. केसांच्या लेसरच्या बाबतीत हे मत आता बरेच सैल झाले आहे, पण ही गोळी घेतल्याचे डॉक्टरांना माहीत असणे आवश्यकच आहे. गर्भारपणात मी सौंदर्यासाठीचा कोणताही लेसर करत नाही. थांबण्याने काही बिघडत नाही. आणि कोणी चेहऱ्यावरचा तीळ लेसरने उडवून घ्यायला आले, तर तो आधी नीट तपासला जातो, कारण संशयास्पद तीळ तुकडा न तपासता जाळून टाकणे ही गंभीर चूक ठरू शकते.

यानंतर कानाजवळ किंवा जबड्याखाली, सहज दिसणार नाही अशा जागी, दोन-चार शॉटची चाचणी घेतली जाते आणि काही दिवसांनी ती जागा पाहिली जाते. आपल्या त्वचेवरचे डाग लगेच दिसत नाहीत, थोड्या दिवसांनी उमटतात, म्हणून ही चाचणी त्याच दिवशी पाहून उपयोग नसतो.

आता केसांचे सिटिंग प्रत्यक्षात कसे होते ते सांगतो. आधीचे चार आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा चिमट्याने केस उपटणे पूर्ण बंद ठेवायचे असते, कारण केस मुळासकट उपटला की लेसरला तापवायला मूळच उरत नाही. वाढलेले केस कात्रीने कापायला किंवा रेझरने काढायला हरकत नाही; रेझरने केस जाड होतात हा समज चुकीचा आहे, कापलेले टोक बोथट असल्याने ते तसे लागते एवढेच. सिटिंगच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी केस कातडीलगत साफ करतात. बाहेर केस लांब राहिला तर तो पृष्ठभागावरच जळतो, कातडीला चटका बसतो आणि मुळाकडे जायची ऊर्जा वाया जाते. चेहरा धुऊन त्यावरचा मेकअप, कुंकू, काजळ, हळदीचा अंश, टिकलीचा चिकटपणा, सगळे पुसले जाते. प्रकाशाला रंग शोषून घेणारी कोणतीही वस्तू वाटेत नको असते. मग फोटो काढले जातात.

खोलीचे दार आतून लावले जाते आणि आत असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर संरक्षण चढते. रुग्णाचे डोळे पूर्ण झाकले जातात. डॉक्टर आणि सहायक विशिष्ट चष्मे घालतात, आणि तो चष्मा कोणत्या नॅनोमीटरसाठी आहे हे त्याच्या काचेवर छापलेले असते. एका लेसरचा चष्मा दुसऱ्या लेसरला चालत नाही. बुबुळाभोवतीच्या पडद्यातही मेलॅनिन असते, म्हणून भुवईच्या खालच्या बाजूला, पापणीवर, केसांचा लेसर मारत नाहीत, कोणी कितीही आग्रह केला तरी. ही यंत्रे लेसरच्या सर्वांत शक्तिशाली, म्हणजे चौथ्या वर्गात मोडतात. ज्या खोलीत चष्म्याशिवाय काम चालते तिथून उठून बाहेर यावे, असे मी स्पष्टपणे सांगतो.

आपल्या त्वचेसाठी मी बहुतेक वेळा ८०८-८१० नॅनोमीटरचा डायोड किंवा, कातडी अधिक सावळी असेल तर, १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर निवडतो. १०६४चा प्रकाश मेलॅनिनला कमी भावतो आणि खोल जातो, त्यामुळे वरची कातडी अधिक सुरक्षित राहते. मात्र तो थोडा जास्त दुखतो. बऱ्याच पार्लरमध्ये ‘लेसर’ म्हणून जे वापरतात ते आयपीएल असते. तो लेसर नव्हे, अनेक रंगांचा मिसळलेला झगमगता प्रकाश असतो, आणि सावळ्या त्वचेवर त्याने डाग पडण्याचा धोका जास्त असतो.

हनुवटीवर पारदर्शक जेल लावून हँडपीसचे थंड टोक त्वचेवर किंचित दाबून धरतात. दाबण्यालाही कारण आहे : दाबल्याने तिथले रक्त बाजूला सरते, केसाचे मूळ प्रकाशाच्या थोडे जवळ येते, आणि थंड टोक वरच्या कातडीतली उष्णता काढून घेते. एकेक शॉट रबर ताणून सोडल्यासारखा लागतो. जागा किंचितच एकमेकींवर यावी, दोनदा पूर्ण तीच जागा येऊ नये, आणि टोकाला चिकटलेली जळक्या केसांची काजळी दर काही शॉटनंतर पुसली जावी, याकडे मी स्वतः लक्ष देतो. ती काजळी काळी असल्याने स्वतःच तापते आणि कातडीवर डाग देते. किती ऊर्जा द्यायची हे वहीतला आकडा ठरवत नाही, त्वचा ठरवते. दोन-तीन मिनिटांत केसांच्या छिद्रांभोवती बारीक लाल फुगवटा दिसू लागला की ऊर्जा योग्य आहे. काहीच दिसत नसेल तर ती कमी पडते, आणि कातडी राखाडी किंवा पांढरी पडली तर त्याच क्षणी थांबून गार पट्टी ठेवायची असते. वरचा ओठ आणि हनुवटी मिळून दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. लाली काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी उतरते.

तुमच्या मुलीच्या हनुवटीवरचा गोंदणाचा ठिपका आणि त्याच्या भोवतीची सुमारे एक सेंटीमीटर त्वचा या वेळी सोडून द्यावी लागेल. ठिपका हिरवा दिसला तरी शाई काळी असते; केसांच्या लेसरचा मोठा शॉट तिच्यावर पडला तर तिथे फोड येऊन व्रण राहू शकतो. मी अशा ठिपक्यावर पांढरी चिकटपट्टी लावतो आणि तरीही त्यापासून दूर राहतो.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत केस वाढत असल्यासारखे दिसतात. ते वाढत नसतात. जळालेले केस बाहेर ढकलले जात असतात आणि नंतर गळून पडतात. सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात, आणि लेसर फक्त वाढीच्या अवस्थेतील केसाचे मूळ मारू शकतो, म्हणून चेहऱ्यावर चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा ते आठ सिटिंग लागतात. अंतर कमी करून सिटिंग लवकर संपवण्याने केसांना फरक पडत नाही, फक्त पैसे लवकर संपतात. शेवटीही सगळे केस गेले असे होत नाही. ते पुष्कळ कमी होतात, बारीक आणि फिके होतात. पीसीओडी असेल तर नवीन केस येत राहतात आणि वर्षातून दोन-तीनदा सिटिंग करावे लागते. पांढऱ्या केसांवर लेसर चालत नाही, कारण त्यात मेलॅनिनच नसते.

केस दुप्पट येतात का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे : बहुसंख्य लोकांत येत नाहीत, पण ही निव्वळ अफवाही नाही. काही स्त्रियांमध्ये, विशेषतः सावळ्या त्वचेच्या आणि हार्मोनचा त्रास असलेल्या, जबड्याच्या कडेला आणि मानेवर, जिथे बारीक लव होती तिथे लेसरनंतर जाड केस उगवल्याचे दिसते. फार कमी ऊर्जा वापरली तर, किंवा नुसत्या लवेवर लेसर मारला तर हे जास्त होते. म्हणून मी गालावरची मऊ लव लेसरने काढून देत नाही, जाड काळे केस असतील तेवढेच घेतो, आणि कडेच्या भागाला सिटिंगच्या वेळी गार जेलने जपतो.

गोंदणासाठी वेगळा, क्यू-स्विच्ड एनडी-याग नावाचा लेसर लागतो. १०६४ हाच आकडा त्यावरही लिहिलेला असतो, म्हणून लोकांचा घोटाळा होतो. फरक वेळेचा आहे. हा शॉट काही नॅनोसेकंदांचा असतो. एवढ्या अल्प वेळात शाईचा कण इतका तापतो की तो फुटतो. त्याचे बारीक तुकडे शरीरातील पेशी हळूहळू उचलून नेतात. आपल्याकडच्या पारंपरिक गोंदणात काजळीची, म्हणजे कार्बनची शाई असते. ती काळीच असते, पण कातडीच्या आत खोल असल्यामुळे बाहेरून हिरवट-निळी दिसते. या शाईला हा लेसर उत्तम लागू पडतो. शॉट पडताच ठिपका भाकरीच्या पिठासारखा पांढरा होतो, कधी रक्ताचा बारीक थेंब येतो, आणि पाच-दहा मिनिटांत तो पुन्हा हिरवा दिसू लागतो. तेव्हा आई घाबरते की काहीच झाले नाही. त्यानंतर खपली धरते, आठ-दहा दिवसांत पडते, आणि सहा ते आठ आठवड्यांत ठिपका फिका होतो. जत्रेतली गोंदणे शाईने फार भरलेली नसल्याने ती तीन-चार सिटिंगमध्ये बरीच जातात, काहींना सात-आठ लागतात. हल्लीच्या रंगीत टॅटूचे तसे नाही. लाल, हिरवा, पिवळा यांना वेगवेगळे प्रकाश लागतात, आणि ओठ किंवा भुवया रंगवायच्या शाईत लोहाचे किंवा टायटॅनियमचे संयुग असेल तर लेसरने ती उलट काळी पडू शकते. हे गोंदण काढायचेच का, हे मुलीला विचारावे. माझ्याकडे येणाऱ्या काही मुली आजीची आठवण म्हणून ते ठेवतात आणि तो निर्णय पूर्णपणे त्यांचा असतो.

गालांवरच्या खड्ड्यांचे काम सर्वांत नाजूक आहे आणि त्याबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे. कार्बन डायऑक्साइड लेसरचा १०६०० नॅनोमीटरचा प्रकाश मेलॅनिनला नव्हे तर पाण्याला तापवतो, आणि त्वचेत पाणी सर्वत्र असल्याने तो ज्या जागी पडतो तिथली कातडी क्षणात वाफ होऊन जाते. १९९०च्या दशकात याच लेसरने सबंध चेहऱ्याचा वरचा थर काढत असत. चेहरा दोन-दोन आठवडे ओला राही आणि सावळ्या त्वचेवर डाग उरत. २००४च्या सुमारास फ्रॅक्शनल पद्धत आली आणि आपल्यासारख्या त्वचेसाठी हा मार्ग खऱ्या अर्थाने खुला झाला. या पद्धतीत यंत्र कातडीत केसाएवढ्या जाडीची बारीक छिद्रे ठरावीक अंतरावर पाडते आणि त्यांच्यामधली त्वचा अखंड राहते. त्या अखंड त्वचेतून पेशी सरकत येतात आणि छिद्र एक-दोन दिवसांत वरून बंद होते. खाली मात्र नवीन कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारे प्रथिन, तयार होण्याचे काम तीन ते सहा महिने चालू राहते.

पण सगळे खड्डे सारखे नसतात. सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल खड्डे लेसरने फारसे भरत नाहीत. त्यांच्या तळाशी टीसीए नावाचे तीव्र आम्ल काडीच्या टोकाने लावतात. रुंद, लाटांसारखे खड्डे खालच्या धाग्यांनी आत ओढलेले असतात. ते धागे आधी सुईने सोडवावे लागतात. कडा असलेले उथळ खड्डे हे लेसरचे खरे क्षेत्र. गाल बोटांनी ताणून आणि बाजूने प्रकाश टाकून पाहिले की हा फरक कळतो, आणि एकाच गालावर तिन्ही प्रकार असणे हेच नेहमीचे. चालू मुरूम असतील तर ते पूर्ण शांत झाल्याशिवाय खड्ड्यांना हात लावत नाही.

या सिटिंगच्या आधी बधिर करणारे मलम पाऊण ते एक तास लावून ठेवतात. हे मलम दवाखान्यातच लावून घ्यावे. घरी भरपूर मलम मोठ्या भागावर लावून वरून प्लास्टिक गुंडाळल्याने ते रक्तात शोषले जाऊन जिवावर बेतल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. मलम पूर्ण पुसून चेहरा कोरडा केला जातो. स्पिरिट लावत नाहीत, कारण हा लेसर आग लावू शकतो. केस ओल्या कापडाने झाकतात. डोळ्यांवर धातूची कवचे येतात. धूर ओढून घेणारी नळी गालाजवळ धरतात, आणि डॉक्टर मास्क घालतात, कारण त्या धुरात जळालेल्या कातडीचे कण असतात. तडतड असा बारीक आवाज, जळका वास आणि गरम सुया टोचल्यासारखे वाटणे, हे सगळे अपेक्षित असते, आणि ते मी मुलीला आधीच सांगून ठेवतो. काम पंधरा मिनिटांत होते, नंतर दोन-तीन तास गाल तिखट लागल्यासारखा झणझणतो. गार सलाइनच्या पट्ट्या ठेवून घरी पाठवतात. ओठावर पुळ्या उठण्याचा इतिहास असेल तर विषाणूविरोधी गोळ्या आधीपासून सुरू केलेल्या असतात.

घरी चेहरा साध्या पाण्याने हळुवार धुऊन व्हॅसलिनसारखे मलम लावत राहायचे. तिसऱ्या दिवशी गाल कानशीसारखा खरखरीत आणि तपकिरी होतो. त्या बारीक खपल्या पाच ते सात दिवसांत आपोआप पडतात, नखाने काढायच्या नाहीत. या दिवसांत हळद, कोरफड, लिंबू, बेसन, यांपैकी काहीही लावू नये. आपल्या घरात हळद पिकते आणि जखमेवर तिच्यावर आपला विश्वास आहे, हे मी जाणतो. पण उघड्या छिद्रांच्या कातडीवर कच्ची हळद लावून आलेल्या मुलींच्या गालांवर झालेली चिडचीड आणि नंतरचे काळे डाग मी पाहिले आहेत. खपल्या पडल्यावर सनस्क्रीन दर तीन तासांनी लावायचे आणि दुचाकीवर चेहरा झाकायचा. असे चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने तीन-चार वेळा करावे लागते. खड्डे नाहीसे होत नाहीत. ते उथळ होतात, कडा मऊ होतात आणि सावली कमी पडते. हे आधी ऐकून घेतलेले रुग्ण समाधानी राहतात.

कॅन्सरची भीती मनातून काढून टाका. या लेसरचा प्रकाश दृश्य किंवा अवरक्त असतो. एक्स-रे किंवा उन्हातील अतिनील किरणांप्रमाणे तो पेशीतील गुणसूत्रांची मोडतोड करत नाही. तो त्वचेत काही मिलिमीटरच जातो, त्यामुळे गर्भाशय किंवा बीजांडकोशापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच नाही.

तुमच्या स्वतःच्या वांगासाठी मात्र मी लेसर सुचवणार नाही. वांग उष्णतेने आणि प्रकाशाने चिडते. लेसरने ते काही आठवडे फिके दिसते आणि मग पूर्वीपेक्षा गडद परत येते, किंवा वारंवारच्या लेसर टोनिंगने, म्हणजे कमी ऊर्जेचा लेसर पुन्हा पुन्हा मारल्याने, गालावर पांढरे ठिपके पडतात आणि ते जाणे फार कठीण असते. सनस्क्रीन, शक्यतो त्वचेच्या रंगाचे, रोज आणि वर्षभर, आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ठरावीक आठवड्यांपुरते मलम, हाच पहिला मार्ग आहे. मेडिकलमधून कोणी गोरेपणाचे म्हणून दिलेले स्टेरॉइडमिश्रित क्रीम लावत असाल तर ते मला नक्की सांगा. अशा क्रीमने कातडी पातळ होते, लाल होते आणि त्यावर केसही वाढतात. २०१८ पासून ही मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी ती घरोघर पोहोचतातच. मुलगीही तुमचेच क्रीम वापरत असेल, तर तिच्या हनुवटीवरच्या केसांचे एक कारण त्या ट्यूबमध्येही असू शकते.

आता पाच महिन्यांचे गणित. मार्गशीर्ष-पौषातले कोवळे ऊन आपल्या बाजूने आहे, म्हणून केसांचे पहिले सिटिंग आणि खड्ड्यांचे एखादे सिटिंग याच काळात, दोन्हींत किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवून, घ्यावे. माघ-फाल्गुनात द्राक्षतोडणी सुरू असेल तेव्हा मुलीने बागेत जाऊ नये. जावेच लागले तर त्या महिन्यातले सिटिंग पुढे ढकलावे. लग्नाच्या आधीच्या दोन महिन्यांत कार्बन डायऑक्साइड लेसर अजिबात नाही, आणि केसांचे शेवटचे सिटिंग हळदीच्या किमान तीन आठवडे आधी. गोंदण काढायचे असल्यास ते आणि उरलेले खड्ड्यांचे काम लग्नानंतर, पुढच्या हिवाळ्यात घ्यावे. वैशाखापर्यंत केसांची चार सिटिंग होतील. हनुवटी तोवर बरीच मोकळी झालेली असेल.

जिथे उपचार घ्याल तिथे पैसे भरण्याआधी डॉक्टरांची त्वचारोगातील पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहा, हँडपीस कोण धरणार ते विचारा, यंत्र किती नॅनोमीटरचे आहे ते विचारा, आणि भाजले तर कोणाला फोन करायचा व कोण पाहील ते विचारा. माझ्याकडे येणार असाल तर आजपासूनच मुलीचे थ्रेडिंग बंद करा. येताना तिच्या पाळीच्या तारखा लिहून आणा, पूर्वी घेतलेल्या मुरमांच्या गोळ्यांची चिठ्ठी आणा, आणि घरात चेहऱ्याला लावायच्या जेवढ्या ट्यूब असतील त्या सगळ्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून आणा.